ज्याचे जळते त्यालाच विचारा

अठराव्या वर्षाचे आपल्याकडे मोठे अप्रूप असते. घरातला मुलगा मतदार झाला, मोटार चालविण्याच्या परवान्यास पात्र झाला, याचे आईबापांना कौतुक वाटते. आणि तरीही त्याचे शिक्षण, त्याचे आजारपण व त्याच्या मनाची चलबिचल सांभाळण्याचे ओझे ते पुढे कित्येक वर्षे विनातक्रार वाहतात. बालगृहात वाढलेल्या मुलाचे अठरावे वर्ष मात्र निराळ्या पावलांनी येते. तो सज्ञान होतो आणि त्याचे अंथरूण, त्याचे ताट व त्याला नावाने हाक मारणारी माणसे यांवरचा त्याचा हक्क संपू लागतो.

कायदा याबाबत अगदीच निष्ठुर आहे असे आम्ही म्हणणार नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने अशा युवकास अनुरक्षणाचे साहाय्य देऊ केले. २०१६ च्या आदर्श नियमांनी त्याची मर्यादा एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि अपवाद म्हणून आणखी दोन वर्षे वाढविली. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत दरमहा ४,००० रुपयांची तरतूदही आहे. परंतु रुपयांनी खोलीचे भाडे भागते, मनाची पडझड भागत नाही. ज्या मुलाने लहानपणीच आईबाप गमावले, ज्याची भावंडे वेगवेगळ्या संस्थांत विखुरली, ज्याला जीव लावणारी काळजीवाहक बदलीच्या एका आदेशासरशी निघून गेली, तो पुन्हा कोणावर विश्वास टाकावयास धजत नाही. अर्जावरील ‘वडिलांचे नाव’ हा रकाना आपण सहज भरतो. त्याच्यासाठी तोच रकाना दर वेळी जुनी जखम उघडी करतो.

ही केवळ भावनेची गोष्ट नव्हे. अमेरिकेतील वॉशिंग्टन व ऑरेगन या राज्यांत प्रतिपालक कुटुंबांत वाढलेल्या तरुण स्त्रीपुरुषांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी सुमारे चौघांत एकास भयंकर आघातानंतर जडणारा मनोविकार असल्याचे तीत आढळले. हा विकार सामान्यतः रणांगणावरून परतलेल्या सैनिकांच्या संदर्भात ऐकू येतो. ज्यांनी कधी युद्ध पाहिले नाही त्यांच्या वाट्याला तो यावा, यातच त्यांच्या बालपणाचे वर्णन आले.

मग या मुलांच्या मनाची बाजू मांडावी कोणी? मानसोपचारतज्ज्ञांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण ज्याचे जळते त्यालाच कळते, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केली नाही. बालगृहात वाढलेली एखादी तरुणी पुढे समुपदेशक होते, तेव्हा समोरच्या मुलाच्या मौनाचा अर्थ तिला पुस्तकात शोधावा लागत नाही. सुटीच्या दिवशी तो का चिडतो, भाकरीचा तुकडा उशीखाली का लपवितो, हे तिला न विचारता समजते. आणि आपल्यासारखीच एक व्यक्ती सावरून उभी आहे, हे नुसते पाहणेही त्या मुलास मोठे औषध ठरते.

अनुभवाच्या या बळाने धोरणेही बदलली आहेत. स्कॉटलंडमध्ये बालसंगोपन व्यवस्थेच्या फेरविचारासाठी ५,५०० हून अधिक लोकांचे अनुभव ऐकले गेले. त्यांतील निम्म्याहून अधिक लोक त्या व्यवस्थेतूनच गेलेले होते, आणि २०२० सालचा अहवाल त्यांच्याच सांगण्यावर उभा राहिला. महाराष्ट्रानेही जानेवारी २०१८ मध्ये अनाथांसाठी एक टक्का आरक्षणाचा निर्णय घेतला. त्यामागे अनाथाश्रमात वाढलेल्या आणि स्पर्धा परीक्षेत ती अडचण स्वतः भोगलेल्या एका तरुणीचा पाठपुरावा होता. जे इतरांच्या ध्यानीही आले नाही, ते तिने सोसले म्हणून सांगितले.

असे असता आपल्या कायद्यांतील विसंगती पाहा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने जिल्ह्यातील पुनर्विलोकन मंडळांवर न्यायाधीश व डॉक्टर यांच्या पंक्तीस स्वतः मनोविकार भोगलेल्या व्यक्तींनाही बसण्याची वाट मोकळी केली. परंतु मुलांचे भवितव्य ठरविणाऱ्या बालकल्याण समितीवर पदवी हवी, सात वर्षांचे कार्य हवे किंवा व्यवसाय हवा. त्या व्यवस्थेत वाढलेल्या व्यक्तीसाठी एकही जागा राखलेली नाही. संस्थेत असेपर्यंत मुलांची समिती असावी असे अधिनियम सांगतो, आणि संस्थेचा उंबरठा ओलांडताच त्याच मुलांचे मत कोणास नकोसे होते!

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. दुःख भोगले म्हणून दुसऱ्याचे दुःख निवारण्याची विद्या आपोआप येत नाही. उलट दुसऱ्याची कहाणी ऐकताना स्वतःचीच जखम वाहू लागण्याचे भय असते. म्हणूनच या तरुणांना रीतसर शिक्षण हवे, अनुभवी तज्ज्ञांची देखरेख हवी आणि श्रमाचे योग्य वेतन हवे. आज आपण त्यांना वार्षिक समारंभात व्यासपीठावर उभे करतो, त्यांची कर्मकहाणी वदवून घेतो, डोळे पुसतो आणि शाल देऊन घरी पाठवितो. हा सन्मान नव्हे, हे प्रदर्शन आहे.

आमचे मागणे मोजके आहे. प्रत्येक बालकल्याण समितीवर व संस्थांच्या तपासणी समितीवर संस्थेत वाढलेल्या एका प्रौढ व्यक्तीस जागा द्यावी; समाजकार्य व मानसशास्त्राच्या शिक्षणासाठी अशा युवकांना शिष्यवृत्ती द्यावी; आणि अनुरक्षणगृहांत त्यांची पगारी समुपदेशक म्हणून नेमणूक करावी.

पुण्यात ज्योतिराव व सावित्रीबाई फुले यांनी १८७४ साली एका विधवेच्या पोटी आलेले मूल आपले म्हणून वाढविले. तोच यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात रुग्णांच्या सेवेस उभा राहिला. ज्याला समाजाने टाकले, तोच समाजाच्या कामी आला. आजही असे यशवंत आपल्या बालगृहांत वाढत आहेत. अठराव्या वर्षी त्यांच्यामागे दार लावून घ्यावयाचे, की त्याच दारातून त्यांना मार्गदर्शक म्हणून सन्मानाने आत बोलवावयाचे, याचा निर्णय शासनाप्रमाणेच आपणा सर्वांस करावयाचा आहे.