आवाज येतो, शब्द येत नाहीं

आमच्या धाकट्या बंधूंस गतवर्षीं कर्करोगावर सिस्प्लॅटिन हें औषध शिरेवाटे देण्यांत आलें. रोग हटला. पुढें एके दिवशीं पंगतींत मीं दोनदां कांहीं विचारिलें, तरी ते गप्पच. मी मास्तरी सवयीनें रागावलों. तेव्हां ते म्हणाले, "दादा, तुमचा आवाज येतो, शब्द येत नाहीं."

या उत्तराचें मर्म वर्णमालेंत आहे. प्लॅटिनम धातूपासून बनविलेल्या या औषधास अमेरिकेंत १९७८ सालीं मान्यता मिळाली. तें प्राण वाचवितें. परंतु अंतःकर्णांतील सूक्ष्म केशपेशींस कित्येकदां कायमची इजा करतें. प्रथम वरच्या पट्टीचे नाद लोपतात. स्वर ऐकूं येतात. स, श यांसारखीं व्यंजनें निसटतात. मग 'साठ' आणि 'आठ' यांत भेद उरत नाहीं. म्हणून अशा माणसाशीं ओरडून उपयोग नाहीं. समोर, उजेडांत बसून, सावकाश व एका वेळीं एकानेंच बोलावें. श्रवणयंत्रानेंही पुष्कळांस साहाय्य होतें.

बंधूंच्या कानांत उपचार चालू असतांनाच किणकिण सुरू झाली होती. पण डॉक्टरांस कशाला त्रास, म्हणून ते बोलले नाहींत. वाचकांनीं असें करूं नये. उपचारापूर्वीं व मधून मधून श्रवणाची तपासणी करवावी. किणकिण होतांच सांगावें. डॉक्टर मात्रा वा औषध बदलूं शकतात. आपण होऊन मात्र औषध थांबवूं नये.

पूर्वीं बंधु पंगतींत माझ्या शेजारीं बसत. आतां त्यांचें पान माझ्या समोर मांडतात.