खोडवा

फुकट सल्ल्याच्या बाबतीत आपला समाज पूर्ण स्वावलंबी आहे. ५४ व्या वर्षी एखाद्या प्रोग्रॅमरची नोकरी जाऊ द्या, लगेच प्रचीती येते. बारामतीचा मेहुणा म्हणतो, "दाजी, म्हशी घ्या." इंदापूरचे साडू म्हणतात, "डाळिंब लावा." भिगवणच्या मित्राच्या मते तर उजनीचे मासे तळणे आणि फॉक्सप्रोत प्रोग्रॅम लिहिणे यांत फरक असलाच तर तो तेलाचा!

माझे भांडण या 'धंदा बदला' पंथाशी आहे.

फॉक्सप्रो म्हातारे झाले, कबूल. शेवटची आवृत्ती २००४ साली निघाली आणि २०१५ साली मायक्रोसॉफ्टने तिची विचारपूसही थांबवली. पण मी इतकी वर्षे उसाची बिले केली ती काय फॉक्सप्रोच्या प्रेमापोटी? १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश म्हणतो, ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्या. २००९ साली एसएमपी गेली, एफआरपी आली. पायाभूत उतारा ९.५ टक्के होता, तो २०१८-१९ च्या हंगामात १० झाला, २०२२-२३ ला १०.२५. त्यातून तोडणी-वाहतूक वजा करा, सोसायटीचे कर्ज वजा करा, आणि उरेल ते पोरीचे लग्न ठरवून बसलेल्या शेतकऱ्याला समजावून सांगा. हे शहाणपण कुठल्या सालात बाद होते?

माझ्या जागी आलेला मुलगा हुशार आहे. नवी भाषा फाडफाड लिहितो. त्याने पहिल्याच दिवशी विचारले, "काका, खोडवा म्हणजे प्रोग्रॅममधली चूक का?"

नाही रे बाबा! तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा. बेणे नको, नांगरट नको. मुळे आधीच जमिनीत. पाचट, खत आणि पाणी द्या, की झाले. आता माळेगावच्या कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगात उसाला पाणी कधी द्यायचे ते कृत्रिम बुद्धिमत्ता सांगते. उत्तम! पण त्यासाठी कुणी उसाला "तू जुना झालास, उद्यापासून ज्वारी हो" असे सांगितल्याचे ऐकिवात नाही.

तिकडे अमेरिकेतही तेच. एप्रिल २०२० मध्ये बेकारभत्त्याच्या अर्जांखाली जुनी यंत्रणा दबली, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबॉल जाणणाऱ्यांना जाहीर साद घातली. म्हणजे साठ वर्षांपूर्वीची भाषा येणारी माणसे हवीत! तोवर त्यातले किती जण मासे तळायला गेले होते, देव जाणे.

कुणी म्हणेल, खोडवाही कधीतरी मोडावाच लागतो. लागतो ना! पण शेतकरी आधी फुटवे मोजतो, मग नांगर घालतो. कचेऱ्यांत मोजतात ती फक्त जन्मतारीख.

मालक मंडळींनी एवढेच करावे. सहा महिने त्या पोराला आणि मला एका टेबलाशी बसवावे. भाषा त्याने शिकवावी, ऊस मी शिकवीन. फुटवा आला नाही, तर खुशाल नांगर घाला.