पदवी आधी की नोकरी आधी?

अभियांत्रिकी पदविकेचा निकाल लागला की अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन बी.ई. करायचं, की चाकणला कारखान्यात नोकरी धरायची? याचं उत्तर मुलाच्या हुशारीत शोधू नये. बढती देणारा काय मागतो, ते आधी पाहावं.

सरकारी खात्यांत हे नियमातच लिहिलेलं असतं. दिल्ली विकास प्राधिकरणात कनिष्ठ अभियंत्याला सहायक अभियंता व्हायचं तर पदवीधराला तीन वर्षांचा आणि पदविकाधारकाला आठ वर्षांचा अनुभव लागे. हा फरक सर्वोच्च न्यायालयानंही मान्य केला. म्हणजे पदवीची उणीव अनुभवानं भरून निघते, पण वेळ लागतो. पाँडिचेरीच्या बांधकाम खात्यातल्या प्रकरणात तर नोकरीत असताना पदवी मिळवणाऱ्यांचा अनुभव पदवीच्या तारखेनंतरच मोजायचा, असा निर्णय झाला. म्हणूनच ज्याचे डोळे सरकारी नोकरीकडे असतील, त्यानं पदवी लांबवू नये.

खासगी कारखान्यात मात्र आधी काम करावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. सीएनसी यंत्रावर दोन वर्षं काढलेला मुलगा नुसत्या आवाजावरून टूल बोथट झाल्याचं ओळखतो. पण त्याच जॉबचं रिजेक्शन का वाढलं, हे आकडे मांडून दाखवायची वेळ आली की तो अडतो, आणि सुपरवायझरच्या पुढची बढती तिथेच अडकते. असा मुलगा पुन्हा वर्गात बसला की शिकवलेलं त्याला थेट लागू पडतं, कारण प्रश्न त्याचे स्वतःचे असतात.

अर्थात कुठेही प्रवेश घेऊन चालत नाही. चार अभिमत विद्यापीठांनी परवानगीविना दूरस्थ पद्धतीनं दिलेल्या अभियांत्रिकी पदव्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७मध्ये ग्राह्य धरल्या नाहीत. त्या पदवीवर बढती मिळवलेल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. फी भरण्याआधी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची (एआयसीटीई) मान्यता तपासायलाच हवी.

नोकरी करणाऱ्या पदविकाधारकांसाठी सोयीच्या वेळेतले पदवी वर्ग चालवायला २०२३-२४पासून एआयसीटीईनं महाविद्यालयांना परवानगी दिली आहे. पण दर आठवड्याला पाळी बदलत असेल, तर संध्याकाळचा वर्ग गाठायचा कसा? अनुभवी माणूस टिकत नाही, ही कारखान्यांची नेहमीची तक्रार. तो टिकवायचा तर कारखान्यांनी अशा वर्गाला प्रवेश घेतलेल्या कामगाराला निदान सत्र संपेपर्यंत एकच पाळी लावून द्यावी.