एक जग, एक भाव? जुन्या व्हिडिओ गेम्सच्या किमतींचा इतिहास

#धागा #इतिहास

१/
सप्टेंबर १९८५ मध्ये जपानात ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ बाजारात आला. संपूर्ण खेळ अवघ्या ४० किलोबाइटांचा; आजच्या मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही त्याहून कितीतरी मोठे असते. २१ वर्षांनी, २००६ साली, निन्टेंडोने हाच खेळ आपल्या ‘वी’ या यंत्राच्या डिजिटल दुकानात विकायला ठेवला. कॅसेट नाही, खोका नाही, जहाजाचे भाडे नाही. तरीही त्याची किंमत देशागणिक निराळी पडली. असे का व्हावे?

२/
त्या दुकानात पैशांऐवजी ‘पॉइंट’ चालत. मारिओची किंमत सर्वत्र ५०० पॉइंट. वरवर पाहता समता निर्दोष होती. मात्र हे ५०० पॉइंट अमेरिकेत ५ डॉलरला, युरोपात ५ युरोला आणि जपानात ५०० येनला मिळत. आकडा तोच राहिला, चलन तेवढे बदलले. विषमता लपवण्याची ही फार सोपी रीत होती.

३/
२००८ च्या उन्हाळ्यात एका युरोला जवळजवळ १.६० डॉलर मिळत होते. म्हणजे अमेरिकी ग्राहकाला ५ डॉलरना मिळणारा खेळ जर्मन ग्राहकाला सुमारे ८ डॉलरना पडला. युरोपीय किमतीत कर धरलेला असतो, हे खरे. पण जर्मनीतील १९ टक्के कर वजा केला तरी रक्कम अमेरिकेपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्तच उरते. त्याच वेळी जपानी ग्राहक ५ डॉलरहूनही कमी मोजत होता.

४/
नव्या खेळाच्या किमतीचे समर्थन करता येते. शेकडो माणसांची मजुरी, जाहिरात आणि जोखीम तिच्यात असते. वीस वर्षांच्या खेळाचा निर्मितिखर्च बहुधा केव्हाच वसूल झालेला असतो. परवाने, संगीताचे हक्क, नव्या यंत्रावर खेळ चालवण्याची खटपट हे खर्च उरतात. पण सीमा ओलांडली म्हणून ते एक तृतीयांशाने वाढत नाहीत. जुन्या खेळाच्या बाबतीत मूल्यभेद म्हणूनच अधिक उघडा पडतो.

५/
यावर एक उत्तर पोलंडमधून आले. संगणकप्रणालींना संरक्षण देणारा स्वामित्वहक्क कायदा तेथे १९९४ साली झाला. त्याआधी वॉर्साच्या संगणक-बाजारांत नकली प्रतींचाच व्यवहार उघडपणे चाले. त्याच वर्षी मार्चिन इविन्स्की आणि मिखाउ किचिन्स्की या दोन तरुणांनी ‘सीडी प्रोजेक्ट’ ही कंपनी स्थापली.

६/
१९९९ मध्ये त्यांनी ‘बाल्डर्स गेट’ हा खेळ पोलिश भाषेत आणला. सोबत नकाशा, पुस्तिका आणि देखणा खोका दिला. नकली प्रतीत जे मिळत नाही, ते अस्सल प्रतीत द्यायचे, हा त्यामागचा हिशेब होता आणि तो यशस्वी ठरला. ग्राहकाला चोर न मानता पाहुणा मानले, तर तो पैसे देतो, हा धडा त्या कंपनीने या अनुभवातून घेतला.

७/
२००८ मध्ये याच कंपनीने जुन्या खेळांचे डिजिटल दुकान उघडले. नाव ‘गुड ओल्ड गेम्स’, पुढे ‘जीओजी’. किमती दोनच : ५.९९ डॉलर आणि ९.९९ डॉलर. ग्राहक कोणत्याही देशातला असो, भाव तोच. खेळावर कोणतेही तांत्रिक कुलूप नव्हते. एकदा उतरवून घेतला की तो ग्राहकाचा झाला.

८/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे एक जुनी परंपरा आठवावी. सतराव्या शतकात इंग्लंडमधील क्वेकर पंथाचे व्यापारी घासाघीस करीत नसत. दुकानात लहान मूल आले तरी त्याला मोठ्या माणसाइतकाच भाव सांगायचा, हा त्यांच्यासाठी धर्माचा प्रश्न होता. वस्तूवर छापील किंमत असणे आज क्षुल्लक वाटते. पण गिऱ्हाईक पाहून भाव सांगण्याच्या रीतीविरुद्ध दिलेल्या दीर्घ लढ्याचे ते फळ आहे. डिजिटल दुकानाने गिऱ्हाइकाचा देश पाहून भाव सांगितला, तेव्हा ती जुनी रीत मागच्या दाराने परत आली.

९/
‘एक जग, एक भाव’ फार काळ टिकला नाही. नव्या खेळांच्या प्रकाशकांना देशनिहाय किमती हव्या होत्या आणि २०१४ साली जीओजीला त्यांच्यापुढे झुकावे लागले. ग्राहक संतापले. तेव्हा कंपनीने तोडगा काढला : ज्याला अमेरिकेपेक्षा जास्त पैसे द्यावे लागतील, त्याला फरकाची रक्कम दुकानातच खर्चण्यासाठी परत मिळेल.

१०/
ही परतफेड ३१ मार्च २०१९ रोजी बंद झाली. आपण सरासरी १२ टक्के आणि काही खेळांत ३७ टक्क्यांपर्यंत रक्कम परत करीत होतो, आता ते झेपत नाही, असे कंपनीने सांगितले. या आकड्यांचे ऐतिहासिक मोल मोठे आहे. एरवी व्यापाराचे गुपित म्हणून झाकली जाणारी तफावत येथे विक्रेत्यानेच मोजून जगापुढे ठेवली.

११/
उलट बाजूही तपासली पाहिजे. सर्वत्र एकच भाव हा खरोखर न्याय आहे का? ५.९९ डॉलर म्हणजे न्यूयॉर्कमध्ये एक साधे जेवण. भारतातील अनेक कुटुंबांत त्या पैशांत काही दिवसांची भाजी येते. क्रयशक्तीनुसार कमी ठेवलेली किंमत अन्याय नव्हे, ती समंजसपणा आहे. अन्याय तेव्हा होतो, जेव्हा फरक ग्राहकाच्या ऐपतीमागे न जाता विक्रेत्याच्या सोयीमागे जातो.

१२/
या सोयीची दोन उदाहरणे. जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने ‘स्टीम’ चालवणाऱ्या व्हॉल्व्हला आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड ठोठावला. पोलंड, हंगेरी, रुमानिया अशा देशांत स्वस्तात विकलेले खेळ इतर सदस्यदेशांत चालू नयेत, अशी कुलपे त्यांनी घातली होती. एकाच बाजारपेठेत माणसे मोकळेपणाने फिरत होती, त्यांनी विकत घेतलेला खेळ मात्र सीमेवर अडत होता.

१३/
दुसरे उदाहरण नोव्हेंबर २०२३ चे. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानातील स्टीमच्या किमती स्थानिक चलनाऐवजी डॉलरमध्ये गेल्या. चलन कोसळत असताना पेसो किंवा लिरामध्ये भाव ठरवणे कठीण होते आणि परदेशी ग्राहक त्या स्वस्ताईचा गैरफायदाही घेत होते. दोन्ही कारणे खरी होती. पण त्याची झळ बसली ती त्या देशांतल्या रहिवाशांना. त्यांच्यासाठी कमी डॉलर-किंमत ठेवण्याची मुभा प्रकाशकांना होती. ती वापरायची की नाही, हे मात्र सर्वस्वी प्रकाशकाच्या मर्जीवर राहिले.

१४/
किमतीचा प्रश्न येथे वारशाचा प्रश्न होतो. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’च्या २०२३ मधील अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज विक्रीलाच नाहीत. निन्टेंडोचे ‘वी’ दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झाले, ‘वी यू’ आणि ‘थ्रीडीएस’ची दुकाने मार्च २०२३ मध्ये. आणि ग्रंथालयांतील जुने खेळ अभ्यासकांना दुरून पाहू देण्याची सवलत अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयाने २०२४ साली नाकारली. बाजारात वस्तू नाही, ग्रंथालयाचे दारही बंद. मग उरलेल्या १३ टक्क्यांसाठी मागितला जाईल तो भाव द्यावा लागतो.

१५/
महाराष्ट्रातील १९९० च्या दशकातली मुले मारिओ आणि ‘कॉन्ट्रा’ खेळली ती बहुतांशी नकली यंत्रांवर, ‘एका कॅसेटमध्ये शेकडो गेम’ अशा जाहिरातींवर भुलून. त्या मुलांना चोर ठरवणे सोपे आहे. अस्सल वस्तू जवळच्या दुकानात, परवडेल अशा भावात ठेवायला कोणी फारसे आलेच नव्हते, ही नोंदही इतिहासाने केली पाहिजे.

१६/
म्हणून अपेक्षा तीनच. जुन्या खेळाची देशनिहाय किंमत कशावर ठरते, ते विक्रेत्याने उघड सांगावे. एकदा घेतलेला खेळ सीमा ओलांडल्यावर किंवा दुकान बंद झाल्यावर ग्राहकाच्या हातून जाऊ नये. आणि जो खेळ कोणी विकतच नाही, तो ग्रंथालयाला जपू द्यावा व अभ्यासकाला पाहू द्यावा.

क्वेकर दुकानदाराने लहान मुलाला खरा भाव सांगितला, तेव्हा त्याचे दुकान बुडाले नाही. उलट विश्वासामुळे गिऱ्हाईक वाढले. ४० किलोबाइटांचा मारिओ विकणाऱ्यांना तेवढा विश्वास कमावणे अवघड नसावे.

(धागा समाप्त)