डॉक्टरांनी कादंबरी लिहू नये?

आमच्या नौपाड्यातील एका डॉक्टरांनी ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतली आणि गोखले रोडवर टीकाकारांचे पेव फुटले. "दवाखाना चालत नसेल!" एक म्हणाले. दुसरे म्हणाले, "ज्याचे काम त्याने करावे." साहित्य हे कुणाचे वतन आहे, एवढे मात्र कुणी सांगितले नाही.

या पंडितांनी जरा गोव्याकडे पाहावे. नावेलीचे फ्रान्सिस्कु लुईश गोमिश (१८२९–१८६९) वैद्यक शिकले, पुढे लिस्बनच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी झाले. १८६६ साली त्यांनी 'ब्राह्मण' अशा अर्थाच्या नावाची पोर्तुगीज कादंबरी प्रसिद्ध केली. स्थळ फैजाबाद, काळ सत्तावन्नच्या उठावाचा. जातीचा ताठा इथल्या ब्राह्मणात आहे तसाच गोऱ्या साहेबातही आहे, हे निदान त्यांनी दोघांचीही नाडी पाहून केले. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी गुंजीकरांची 'मोचनगड' त्यानंतर पाच वर्षांनी, १८७१ मध्ये आली. शेरलॉक होम्सचे जनक डॉ. कॉनन डॉयल यांनाही होम्सपेक्षा आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्याच मोलाच्या वाटत.

आता आमचे, म्हणजे बिगर-डॉक्टर कादंबरीकारांचे, काय चालले आहे? आमच्या लढाईत हजारो पडतात. पण एकाचीही जखम चिघळत नाही. थोरले माधवराव १७७२ साली थेऊरला क्षयाने गेले, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. अशा रोग्याच्या तोंडी आम्ही पानभर भाषण घालतो! दोन वाक्यांत धाप लागते, हे डॉक्टराला शिकवावे लागत नाही. शिवाय रोगी कितीही थोर असो, त्याला बरे वाटावे म्हणून डॉक्टर रोगाचे नाव बदलत नाही. आम्ही मात्र पूर्वजांची स्तुतिपाठके झालो आहोत.

डॉक्टरांनाही एक बजावतो. पदवी म्हणजे कल्पनेचे थैमान घालण्याचा परवाना नव्हे. जिथे कागद बोलत नाहीत, तिथे लेखकाने कल्पना अवश्य करावी. पण प्रस्तावनेत तसे स्वच्छ सांगावे. मी शाळामास्तर आहे. कादंबरीतील संवाद मुले उत्तरपत्रिकेत इतिहास म्हणून लिहितात, तेव्हा लाल पेन्सिल कुणावर चालवावी, मुलावर की लेखकावर?

तेव्हा वाचकहो, लेखकाची पाटी वाचू नका, पुस्तक तपासा. गोड औषध सगळ्यांनाच आवडते. पण फराळाच्या ताटाजवळ घरातली मुले ऐकत बसलेली असताना त्यांना खरे काय नि रचलेले काय, एवढे तरी सांगा.