देणगी की देणे?

बालाघाट म्हटले की आपल्याकडच्या विद्यार्थ्याला भूगोलाच्या पुस्तकातील बीड-लातूरकडची डोंगररांग आठवते. मी लिहिणार आहे ते बालाघाट मात्र मध्य प्रदेशातला एक जिल्हा आहे. गोंदिया सोडले की तो लागतो. जुन्या मध्यप्रांताची राजधानी नागपूर होती, तेव्हापासून या भागाचे मराठी मुलखाशी येणेजाणे आहे. वैनगंगा तेथून वाहत आपल्या भंडाऱ्याकडे येते. आणि तेथील मँगनीजचा हिशेब आजही नागपुरातच लिहिला जातो!

बालाघाट शहराजवळ भरवेली येथे जी खाण आहे ती आशियातील सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. उकवा आणि तिरोडी येथेही मँगनीज निघते. मलाजखंडला हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीची तांब्याची प्रचंड खाण आहे. १९८२ साली श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते तो प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला. पोलादाला मँगनीज लागते, विजेच्या तारेला तांबे लागते. म्हणजे आपण दिव्याचे बटण दाबतो तेव्हा बालाघाटचे ऋण घेतच असतो.

हे ऋण नेमके कोणाचे, हा माझा प्रश्न आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने तो विचारला तर वाचकांनी नवल करू नये. देणे-घेणे हाच आमचा अभ्यास!

मँगनीज काढणाऱ्या कंपनीचा इतिहास पाहा. १८९६ साली एका ब्रिटिश सिंडिकेटपासून तिची सुरुवात झाली. १९६२ मध्ये 'मँगनीज ओअर इंडिया' स्थापन झाली. तिचे ५१ टक्के भाग केंद्र सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्याकडे, तर ४९ टक्के जुन्या ब्रिटिश कंपनीकडे राहिले. १९७७ मध्ये तेही सरकारने घेतले. २०१० मध्ये 'मॉईल' या नावाने कंपनी शेअर बाजारात आली आणि मुंबई-बंगळूरचा गुंतवणूकदारही तिचा मालक होऊ शकला. सव्वाशे वर्षांत मालक इतक्या वेळा बदलले. पण भागधारकांच्या यादीत 'खाणीशेजारचे गाव' असा रकाना कधी आला नाही.

या जिल्ह्यात गोंड आणि बैगा हे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ साली बैगांवर मोठा ग्रंथ लिहिला. जमीन ही आई आहे, तिच्या छातीवर नांगर कसा चालवायचा, अशी बैगांची जुनी समजूत होती. ज्यांनी नांगरही जड मानला, त्यांच्याच मुलखात पृथ्वीच्या पोटात सुरुंग लागले! मी ही समजूत कवटाळून बसा असे म्हणत नाही. जमिनीकडे पाहण्याची त्यांची एक रीत होती आणि ती विचारात घेण्याची गरज कोणास भासली नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

कोणी म्हणेल, कंपन्या काही देत नाहीत का? देतात. तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मॉईलने 'बाएफ' या पुण्याच्या संस्थेच्या मदतीने खाणींभोवतीच्या गावांत शेती, पाणी आणि जनावरे यांची कामे केली आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते, आणि त्यात आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचे असते. शिवाय २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. १२ जानेवारी २०१५ पूर्वीचा खाणपट्टा असेल तर सरकारला दिलेल्या प्रत्येक शंभर रुपये स्वामित्वधनामागे आणखी ३० रुपये या प्रतिष्ठानात भरावे लागतात.

या दोन रकमांत फार मोठा फरक आहे. पहिली नफ्यावर ठरते. नफा नसेल तर गावाला काय? दुसरी मात्र जमिनीतून निघालेल्या मालावर ठरते. नफा होवो वा तोटा, ती द्यावीच लागते. पहिलीचा सूर देणगीचा आहे, दुसरीचा देण्याचा. आमच्या घरी मराठीबरोबर कन्नडही बोलली जाते. कन्नडात देणगीला 'दान' म्हणतात आणि कर्जाला 'साल'. दान देणाऱ्यापुढे हात जोडावे लागतात. साल फेडणाऱ्याकडे ताठ मानेने हिशेब मागता येतो. खाणीशेजारच्या माणसाने हात जोडावेत की हिशेब मागावा, हा खरा वाद आहे. माझे मत स्पष्ट आहे. त्याने हिशेब मागावा.

पण हिशेब मागायचा तर आधी विचारले गेले पाहिजे. १९९६ च्या 'पेसा' कायद्यातील एक विसंगती पाहा. अनुसूचित क्षेत्रात वाळू, दगड अशा गौण खनिजांचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस आवश्यक आहे. मँगनीज आणि तांबे ही मोठी खनिजे. त्यांच्या पट्ट्यासाठी तशी अट नाही. खडीच्या ढिगाला गावाची शिफारस हवी, अख्ख्या डोंगराला नको! यापेक्षा २०१३ साली ओडिशातील नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांपुढे प्रश्न ठेवला आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला, ती रीत मला अधिक न्यायाची वाटते.

कागदोपत्री परवानगी म्हणजे संमती नव्हे, याचे उदाहरण दूर ऑस्ट्रेलियातही आहे. मे २०२० मध्ये रिओ टिंटो कंपनीने लोहखनिजासाठी जुकान घळीतील गुहा सुरुंगाने उडवल्या. तेथे ४६,००० वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीच्या खुणा होत्या आणि तेथील आदिवासींना ते स्थान पवित्र होते. कंपनीजवळ २०१३ ची सरकारी परवानगी होती. कायदा मोडला नव्हता, तरी जगभर संताप उसळला आणि कंपनीच्या प्रमुखाला पद सोडावे लागले.

आता शेवटचा मुद्दा, आणि आम्हा वाणिज्यवाल्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. खनिज ही संपत जाणारी मालमत्ता आहे. कंपनी आपल्या यंत्रांचा घसारा दरवर्षी लिहिते. गावाचा घसारा कोण लिहितो? आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना कोलार सांगायला नको. शंभराहून अधिक वर्षे सोने देऊन २००१ साली ती खाण बंद झाली, आणि तिच्यावर जगणारे गाव मागे राहिले. खाण बंद करण्याचा आराखडा आता नियमाने आधीच द्यावा लागतो, पण त्यात जमिनीइतकीच माणसांचीही तरतूद हवी.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. एक, प्रतिष्ठानाचा जमाखर्च इंग्रजीत कार्यालयात न ठेवता हिंदीत आणि गोंडीत ग्रामसभेपुढे मोठ्याने वाचावा. अनुसूचित क्षेत्रात प्रभावित गावासाठीच्या योजनेला ग्रामसभेची मान्यता लागते, हे मार्गदर्शक तत्त्वांत आहेच. ती नुसती सह्यांपुरती राहू नये. दोन, मोठ्या खनिजांसाठीही ग्रामसभेला आधी विचारावे. तीन, दरवर्षीच्या रकमेतील काही भाग खाण संपल्यानंतरच्या दिवसांसाठी राखून ठेवावा.

उद्या आपल्यातले काही जण हिशेबतपासनीस होतील, कोणी कंपन्यांच्या कचेऱ्यांत बसतील. तेव्हा एखाद्या खाणीच्या ताळेबंदात गावासाठीचा खर्च 'देणगी' या सदरात दिसला, तर पेन थोडे थांबवा आणि विचारा : हे सदर बरोबर आहे का?

— एक विद्यार्थी, बी. कॉम. भाग २