जादा खोली आणि चोवीस डब्यांची गाडी

मुलगी नोकरीसाठी परगावी गेली की तिच्या खोलीवर घरातल्या सगळ्यांचा डोळा असतो. कुणाला तिथे कपाटं हवी असतात, कुणाला पाहुण्यांसाठी पलंग. त्यात कुणी म्हणालं, ‘मला तिथे छोटी रेल्वे मांडायची आहे,’ तर ‘खेळण्यासाठी अख्खी खोली?’ असं विचारलं जाणारच. शहरात एकेका चौरस फुटासाठी वर्षानुवर्षं हप्ते फेडणाऱ्या घरात हा प्रश्न रास्त आहे.

पण मांडणी रोज उचलून ठेवणं हा त्यावरचा तोडगा नाही. रुळांचे जोड सैल होतात, सांधे नीट बसेनासे होतात, फळीखालच्या वायरी सुटतात. चार दिवसांनी सगळं खोक्यात जातं आणि तिथेच राहतं. ही रेल्वे चालायची तर तिला एका जागी मुक्काम हवा, हे माझं ठाम मत आहे.

मग खोली द्यायची का? आधी टेप घेऊन बसावं. एचओ या सर्वांत प्रचलित प्रमाणात प्रत्येक वस्तू मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी होते. साडेतेवीस मीटरचा एलएचबी डबा २७ सेंटिमीटरचा, म्हणजे चोवीस डब्यांची गाडी सुमारे साडेसहा मीटर. दहा बाय बाराच्या खोलीची मोठी भिंत ३.६६ मीटरच. एन प्रमाणात, १:१६० ला, हीच गाडी साडेतीन मीटरची होते. इंजिन जोडलं की भिंत संपली. बोरघाट करायचा म्हटलं तर? तिथला सर्वांत तीव्र चढ ३७ ला १. एचओमध्ये एका रुळावरून दुसरा न्यायला सात सेंटिमीटर उंची लागते असं धरलं, तर त्या चढानं अडीच मीटरहून जास्त लांबी नुसती चढण्यात जाते.

म्हणून खोलीभर देश उभारायचा हट्ट मला पटत नाही. अख्खं शहर आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या पाहायच्या तर कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. घरी एकच स्टेशन करावं, आणि माझी निवड नेरळ. एका बाजूला ब्रॉडगेज, दुसऱ्या बाजूला माथेरानची दोन फुटी लाइन. तिची गाडी मुळातच आखूड, वळणं घट्ट. कमी जागेत ती खोटी वाटत नाही. एचओच्या मापात तिचे रूळ सात मिलिमीटरचे व्हायला हवेत, तिथे एनचे नऊ मिलिमीटरचे रूळ चालवून घेतात. ब्रॉडगेजला उलटी तडजोड: हवेत १९ मिलिमीटर, बाजारात मिळतात साडेसोळाचे. डोळा लवकर सरावतो.

पावसाळ्याचा विचार मात्र घरच्यांच्या बाजूनं जातो. दमट हवेत साधं प्लायवूड फुगतं, रुळांवर काळसर थर चढतो, गाडी अडखळते. चालवण्याआधी रूळ पुसायचे, खोलीत धूळ साठू द्यायची नाही, हे काम ज्याचा छंद त्याचंच. ते घरातल्या बाईच्या गळ्यात पडणार असेल तर खोली न मागणंच बरं.

ती जबाबदारी घेणाऱ्याला मी खोली नव्हे, दोन भिंती देईन. दीड फूट रुंदीची फळी, छातीच्या उंचीवर, कोपऱ्यात वळवलेली. खाली पाहुण्यांचा पलंग तसाच राहतो. आणि त्या उंचीवर डबे नजरेच्या रेषेत येतात, फलाटावर उभं राहून गाडीची वाट पाहणाऱ्याला दिसतात तसे.